राजाकडे पाठ करून झोपलेला बोका

एका राज्यात दंडधर नावाचा राजा राज्य करत होता, आणि त्या राज्यात राजाकडे पाठ करण्याची कुणालाही मुभा नव्हती. ही रीत राजाच्या पणजोबांनी घातली, आजोबांनी पाळली, वडिलांनी कडक केली, आणि दंडधराच्या काळापर्यंत ती अशी हाडीमाशी खिळली की तिचं कारण विचारायचं कुणाला सुचेना. दरबारातून निघताना माणसं मागे मागे चालत. जिना मागे मागे उतरत. पेढ्यांचं ताट ठेवून मागे सरकणारा हलवाई कारंज्यात पडे, त्याला काढायला भालदार धावे, तोही राजाकडे तोंड ठेवूनच धावे आणि त्याच्या शेजारी जाऊन पडे. राजाचा सारथी तर घोड्यांकडे पाठ आणि राजाकडे तोंड करून रथ हाकत असे. त्यामुळे राजाची स्वारी ठरल्या गावी कधी पोचली नाही. ती कुणाच्या तरी उसात पोचे, आणि मग राजा त्या उसालाच भेट द्यायला आलो असं जाहीर करी.

हसू नका. आपल्याही घरात अशी एखादी रीत असतेच, रोजची असल्यामुळे दिसत नाही इतकंच.

राजाला एकुलती एक मुलगी होती, केतकी. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. राजाचा मुलीवर फार जीव होता, पण जीव आहे हे सांगायचं कसं, याची रीत काही पणजोबांनी घालून दिली नव्हती. म्हणून ती सकाळी दरबारात येई, मुजरा करी, "महाराज, मी कुशल आहे," म्हणे, आणि मागे मागे चालत निघून जाई. राजा दाराकडे बघत राही आणि पुढच्या कामाला लागे.

राज्याच्या कडेला एका टेकडीवर गोधडीमाय नावाची चेटकीण राहत होती. चेटकीण खरी, पण उपयोगाची. होळी झाली की ती राजवाड्यात येई, जुनी लुगडी, विटलेले पडदे, फाटके शेले मागून नेई आणि त्यांच्या गोधड्या शिवी. तिची गोधडी ज्याने पांघरली त्याला पाठ टेकताच झोप लागे. त्या वर्षी ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर एक थोराड बोका होता, गुळाच्या रंगाचा. त्याचं नाव गुळ्या.

म्हातारी कापडं निवडत बसली तोवर गुळ्या दरबार बघत हिंडला. सरदारांचे जोडे हुंगले, प्रधानजींच्या सोट्याला गाल घासला, आणि सिंहासनाच्या पायऱ्या चढून वरच्या गार पायरीवर गेला. तिथे त्याने स्वतःभोवती फेऱ्या मारल्या, अंग टाकलं, आणि राजाकडे पाठ करून झोपी गेला.

प्रधान बहुश्रुत हळूच म्हणाले, "महाराज, मांजर आहे ते."

"पाठ आहे ती," राजा म्हणाला. "उठवा त्याला."

नगारा आणला आणि बोक्याच्या कानाशी बडवला. बोका हातभर उंच उडाला, त्याचं शेपूट कुंच्यासारखं फुललं, आणि तो सबंध दरबार ओलांडून मुजऱ्याला आलेल्या केतकीच्या ओढणीखाली शिरला. तिने त्याला पोटाशी धरलं. "महाराज, तो थरथरतो आहे," ती म्हणाली. तेवढ्यात म्हातारी उठली, आणि ती उठली तशा दरबारातल्या सगळ्या समया विझल्या.

"राजा," गोधडीमाय म्हणाली, "या मुक्या जिवाने तुला जे दिलं ते तुझ्या एका सरदाराने कधी दिलं नाही. आणि तू त्याच्या कानाशी नगारा वाजवलास! मांजराची झोप तुला वाचता येत नाही. आता शीक."

तिने हातातली अर्धी शिवलेली गोधडी केतकीवर फेकली. गोधडी फुगली, खाली बसली, सपाट झाली. तिच्याखालून गुळ्या बाहेर आला आणि त्याच्या मागून एक करडी मांजरी बाहेर आली. मांजरीने राजाकडे एकदा पाहिलं आणि दोघं खिडकीतून निघून गेली.

"माझ्या टेकडीवर एकटा ये. तीन कामं सांगेन. ती झाली तर मुलगी तुझी. माझ्या दारात आंबा आहे. त्याच्यावरचा पहिला पिकला आंबा जमिनीवर पडायच्या आत ती माणूस झाली नाही, तर ती माणूसपण विसरली आणि तुलाही विसरली." एवढं बोलून तिने कापडांचं गाठोडं उचललं, राजाकडे सरळ पाठ केली आणि चालू लागली. कुणी तिला अडवलं नाही.

राजांना अक्कल उशिरा येते. दंडधराने आधी सैन्य पाठवलं. सैन्य जवळ आलं की टेकडी मागे सरके. मग शास्त्री पाठवले. त्यांना टेकडी दिसलीच नाही. शेवटी राजा एकटा, पायी निघाला. चैत्र सरत आला होता आणि आंब्यांना रंग चढू लागला होता.

वाटेत एका नदीचं कोरडं पात्र लागलं. तिथे वाळूत एक टिटवी उताणी पडून, पाय वर करून झोपली होती.

"पाय जपून टाक," टिटवी डोळे न उघडता म्हणाली. "माझी अंडी आहेत."

"तू अशी का झोपली आहेस?" राजाने विचारलं.

"आभाळ पडलं तर झेलायला नको? माझ्याखेरीज हे काम कुणाला जमत नाही. सकाळपासून पाण्याला जाता आलेलं नाही. तू मोकळाच दिसतोस. मी पाणी पिऊन येईस्तोवर जरा धर."

आजवर राजाला कुणी काम सांगितलं नव्हतं. तो गोंधळला, आणि गोंधळात उताणा पडून त्याने दोन्ही पाय वर केले. पलीकडून एक धनगर बकऱ्या घेऊन आला. वाळूत पडलेला मुकुट आणि आभाळाकडे गेलेले दोन राजपाय बघून त्याने मुजरा केला, आणि रीतीप्रमाणे मागे मागे चालत आल्या वाटेने परत गेला. बकऱ्या मात्र सरळ गेल्या.

टिटवी तहान भागवून आली. राजाने पाय खाली घेतले आणि आपली हकिकत सांगितली.

"मांजरांच्या झोपेचं म्हणतोस?" टिटवी म्हणाली. "मग शास्त्र्यांना काय विचारतोस, मला विचार. माझं घरटं उघड्या जमिनीवर. मांजर कसं झोपलं आहे हे जिला कळत नाही, ती टिटवी म्हातारी होत नाही. चल, मी येते. आमचे यजमान बसतील अंड्यांवर. त्यांना तरी काय उद्योग आहे?"

राजा एकटा आला होता, आणि टिटवी काही माणूस नव्हे. म्हणून टेकडी जागची हलली नाही.

गोधडीमाय अंगणात सुई ओवत बसली होती. तिच्या चहूकडे मांजरं झोपली होती आणि प्रत्येकाच्या शेपटाखाली एक किल्ली होती. "पहिलं काम," म्हातारी म्हणाली. "यांतलं खरं गाढ झोपलेलं कोण ते ओळख आणि त्याची किल्ली काढ. त्या किल्लीने माझं दार उघडेल. हात लागून कुणी जागं झालं तर तू उंदीर होशील. मग पुढचं ही मांजरं बघतील."

राजाने नजर फिरवली. तुळशीपाशी एक काळं मांजर पाय पोटाखाली मुडपून, ताठ मानेने, डोळे मिटून बसलं होतं. असा निश्चल मुनी त्याने देवळातसुद्धा पाहिला नव्हता. राजाला शिस्त आवडायची. त्याने हात पुढे केला.

"अरे थांब!" टिटवी कुंपणावरून ओरडली. "पायांवर बसलं आहे ते. एका उडीत तुझ्या नरड्याशी येईल. त्याचे कान बघ."

तेवढ्यात झाडाचं एक पान पडलं. मुनीचे डोळे मिटलेलेच राहिले, पण एक कान पानाकडे वळला आणि परत जागेवर आला.

"मग ते टोपलीतलं? वेटोळं घातलेलं?"

"या उन्हाळ्यात वेटोळं? ते थंडीचं झोपणं झालं. उन्हाळ्यात असं कोण झोपतं? ज्याला अजून धीर आलेला नाही ते. पोट आत, पाठ बाहेर, नाक शेपटाखाली. नुकतंच आलं आहे इथे. त्याला तर फुंकरही घालू नकोस."

बाजेखाली एक पांढरं मांजर कुशीवर पडलं होतं. त्याचे पाय झटके देत होते, मिश्या थरथरत होत्या, तोंडातून बारीक आवाज निघत होते. "ते तर जागंच आहे," राजा म्हणाला. "पळतं आहे."

"झोपेत पळतं आहे. स्वप्नात उंदीर आहे त्याच्या. तो सापडेपर्यंत या अंगणात त्याच्याइतकं गाढ कुणी नाही. आटप, तो सापडायच्या आत."

राजाने श्वास रोखला, वाकला, आणि शेपटाखालची किल्ली अलगद ओढून घेतली. त्याच क्षणी पांढऱ्या मांजराने स्वप्नात उंदीर धरला आणि जिभल्या चाटल्या. राजाला दरदरून घाम फुटला होता. टिटवी म्हणाली, "मला हे रोज करावं लागतं," आणि अंड्यांकडे एक चक्कर टाकून येते म्हणून उडाली.

दार उघडलं. आत मोठ्या दालनात हिऱ्यामाणकांचा ढीग होता. तो जुन्या कुठल्याशा राजाचा शापित खजिना होता. त्यातला एक खडा उचलला तरी माणसाची झोप जन्माची उडे. त्या ढिगावर गुळ्या चारी पाय चार दिशांना टाकून उताणा झोपला होता, कारण हिरे गार लागत होते.

"दुसरं काम," गोधडीमाय म्हणाली. "याची माफी मिळव."

राजाला वाटलं, हे सोपं. त्याने आवाज लावला. "गुळ्या, तुला आम्ही पाच गावांची जहागिरी देऊ. सोन्याची घंटा देऊ. चांदीच्या वाटीत साय देऊ." सायीला गुळ्याची मिशी जराशी हलली, पण डोळा उघडला नाही. मग राजाने ते पांढरं, मऊ, उघडं पोट पाहिलं आणि मनाशी म्हणाला, हा शरण आलेला दिसतो. आपले सरदारही असेच लोटांगण घालतात. शरण आलेल्याला थोपटावं. आणि त्याने पोटावर हात ठेवला.

त्या हाताचं काय झालं ते सांगायला नको. चार पाय, अठरा नखं, आणि वर दात. राजा किंचाळणार होता. "नगारा" हा शब्द त्याच्या ओठावर आलाही होता. पण त्याने गुळ्याचे डोळे पाहिले. ते मोठे झाले होते, कान मागे पडले होते. दरबारातही हे डोळे असेच झाले असतील, तेव्हा आपण पाहिलेच नाहीत, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

"पोट उघडं टाकलं म्हणजे तो म्हणाला, मला इथे भीती वाटत नाही," म्हातारी म्हणाली. "हात लाव असं कुठे म्हणाला?"

राजाने हात ओढला नाही, झटकला नाही. तसाच स्थिर ठेवून तो म्हणाला, "गुळ्या, चूक माझी आहे. आजचीही आणि तेव्हाचीही."

राजाच्या तोंडून हे शब्द पूर्वी कधी निघाले नव्हते, त्यामुळे ते जरा वेडेवाकडे निघाले. पण मांजरं शब्द ऐकत नाहीत, आवाज ऐकतात. पकड सैल झाली. राजा चार हात लांब जाऊन भिंतीशी बसला आणि गप्प राहिला. बराच वेळ गेला. गुळ्याने अंग चाटलं, इकडे तिकडे पाहिलं, जणू काही घडलंच नाही, मग ढिगावरून उतरून डुलत राजापाशी आला. स्वतःभोवती फेऱ्या मारल्या, आणि शेपूट राजाच्या पावलावर टाकून, राजाकडे पाठ करून झोपला.

जुन्या सवयीने राजाच्या भुवया वर गेल्या. टिटवी नुकतीच परतून खिडकीत बसली होती.

"भुवया खाली घे," ती म्हणाली. "मांजर तोंड कुठे करतं? जिकडून भय यायचं तिकडे. दाराकडे, कुत्र्याकडे, अनोळखी माणसाकडे. आणि पाठ कुठे करतं? जिकडून घाव येणार नाही अशी खात्री असते तिकडे. माफी मिळाली तुला."

राजा त्या गुळाच्या रंगाच्या पाठीकडे बघत बसला. ती संथ वर खाली होत होती. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"टिटवे," तो म्हणाला, "माझी सगळी प्रजा इतकी वर्षं माझ्याकडे तोंड करून उभी आहे."

"ते मला काय ठाऊक? मी पक्षी आहे," टिटवी म्हणाली. "पण मीही मांजराकडे पाठ करत नाही."

गोधडीमायेने राजाला माडीवर नेलं. तिथे सगळीकडे गोधड्या अंथरलेल्या होत्या आणि करड्या मांजरी झोपल्या होत्या. एक खिडकीच्या फळीवर, एक सुपात, एक मडक्यात, एक तर फडताळावरून निम्मी खाली लोंबत. सगळ्या एकसारख्या.

"तिसरं काम. यांत तुझी मुलगी आहे. पण तू तिला ओळखायचं नाही, तिने तुला ओळखायचं. ती येऊन तुझ्या मांडीवर झोपली आणि झोप पुरी करून आपणहून उठली, की सुटली. दारातला आंबा पाडाला आला आहे, हे लक्षात असू दे."

राजा गोधडीवर मांडी घालून बसला. "केतकी," त्याने हाक मारली. कुणी हललं नाही. पुन्हा हाक मारावीशी वाटली, पण त्याने जीभ आवरली. मुलगी कधी शेवटची मांडीवर बसली होती ते तो आठवू लागला, आणि आठवेना. तेव्हा त्याला रडू आलं. हात मोकळे, मान खाली, असा तो नुसता बसून राहिला.

मडक्यातली मांजरी बाहेर आली. आळस दिला. वाकड्या वाटेने, आपल्याला या माणसाशी काही देणंघेणं नाही असं दाखवत, ती त्याच्या गुडघ्यापाशी पोचली. मग मांडीवर चढली आणि पुढच्या दोन्ही पायांनी, कणीक तिंबावी तशी, राजाची मांडी तिंबू लागली. नखं रेशमातून आत शिरत होती. राजाने दात दाबून धरले. टिटवीने मान डोलावली. दूध पिणारं पिल्लू आईला असंच तिंबतं, आणि मोठेपणी मांजर तसं केव्हा करतं, तर घरी आल्यासारखं वाटतं तेव्हा. तिंबून झाल्यावर तिने अंग सैल टाकलं, एक पंजा डोळ्यांवर घेतला, आणि झोपली.

आता खरी परीक्षा आली. ज्यांच्या मांडीवर कधी मांजर झोपलं आहे त्यांना ती सांगावी लागणार नाही. आधी राजाच्या नाकावर माशी बसली. मग पायाला मुंग्या आल्या. मग पाय आहे की नाही हेच कळेना. खाली प्रधानजी, तेही एकटेच, धापा टाकत येऊन ठेपले. शेजारच्या राज्याचा वकील दरबारात येऊन खोळंबला होता.

"महाराज!" जिन्यातूनच ते ओरडले.

"हळू," राजा कुजबुजला. "झोपली आहे."

प्रधानजींनी जन्मात असं कारण ऐकलं नव्हतं. ते जोडे हातात घेऊन जिन्यावरच बसले.

ऊन कललं. खिडकीतून आंबा दिसत होता, शेंदरी, देठाशी सैल झालेला. टिटवी कासावीस झाली. "राजा, तो पडणार. उठव तिला. नाहीतरी जाणारच आहे, उठवून तरी बघ!"

राजाने मांजरीकडे पाहिलं. तिचं पोट वर खाली होत होतं. "जायचीच असेल तर झोप पुरी करून जाऊ दे," तो म्हणाला. "माझ्या भरवशावर झोपली आहे ती."

आंबा धप्पकन पडला.

मांजरीचा एक कान फक्त हलला. टिटवीने डोळे मिटून घेतले. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ते पुसायला त्याने हात हलवला नाही. तो तसाच बसला, मांडी तशीच स्थिर, आणि मांजरी तशीच झोपलेली.

पुष्कळ वेळाने तिने डोळ्यांवरचा पंजा काढला. पुढचे पाय लांब ताणले, पाठीची कमान केली, आणि मोठी जांभई दिली. जांभई सुरू झाली तेव्हा ती मांजराची होती आणि संपली तेव्हा केतकीची होती.

"बाबा," केतकी डोळे चोळत म्हणाली, "तुम्ही रडता आहात?"

गोधडीमाय पडलेला आंबा पदराने पुसत वर आली. राजाने तिच्या हाताकडे पाहिलं. "आंबा तर पडला होता!"

"पडला की," म्हातारी म्हणाली. "पण मांडीवर मांजर झोपलेलं असताना जगात कुठलीच मुदत भरत नाही. हा नियम माझ्याही आधीचा आहे." आणि तिने आंबा केतकीला खायला दिला.

राजा मुलीला जवळ घ्यायला उठला, आणि उठताच कोसळला. दोन्ही पाय झोपले होते, तेही गाढ. केतकी आणि प्रधानजींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. राजा असा हसला की माडीवरच्या सगळ्या मांजरींनी मान वर करून त्याच्याकडे नाराजीने पाहिलं. मग त्याने आवाज खाली आणला.

"तू मला कधी ओळखलंस?" त्याने उतरताना विचारलं.

"अंगणात आलात तेव्हाच," आंबा चोखत केतकी म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही उभे होतात."

दुसऱ्या दिवशी राजाने दरबार भरवला आणि दवंडी पिटवली की रीत मोडली, आता ज्याने त्याने सरळ चालत घरी जावं. कुणी जागचं हलेना. बापजन्मात जमलं नव्हतं ते एका दवंडीने कसं जमणार? शेवटी केतकी उठली, "येते हं, बाबा," म्हणाली, आणि वळून चालू लागली. मग प्रधानजी वळले. मग एकेक करत सगळा दरबार वळला.

आणि राजाला पहिल्यांदाच आपल्या प्रजेच्या पाठी दिसल्या. राजासमोर येणारी माणसं पुढून जरीची होती. छातीवर कशिदा, गळ्याशी मोती. पाठीमागे अंगरख्यांना भोकं होती, ठिगळं होती, ठिगळांनाही भोकं होती. मागचं राजाला दिसतच नाही, तर तिथे कापड कशाला घालवायचं, असा सगळ्यांचा हिशेब. भालदाराच्या पाठीवर ओझ्याचे घट्टे होते. हलवायाच्या पाठीला तर कापडच नव्हतं, नुसत्या दोन नाड्या. राजा सिंहासनावरून उतरला आणि शेवटचा माणूस दाराबाहेर जाईपर्यंत उभा राहून बघत होता. मग त्याने कोठार उघडायला सांगितलं आणि कापडाच्या गाठी अंगणात काढायला लावल्या. गोधडीमायेला निरोप गेला. ती सुया घेऊन, मांजरं घेऊन आली.

काम मात्र लगेच सुरू झालं नाही. सगळ्यात वरच्या गाठीवर गुळ्या चढला आणि चारी पाय टाकून उताणा झोपला. शिंपी कात्र्या घेऊन उभे राहिले, प्रधानजी उभे राहिले, शेजारच्या राज्याचा वकील उभा राहिला. राजा गाठीला टेकून खाली बसला आणि हाताने सगळ्यांना बसायची खूण केली.

त्या राजाला जशी झोपलेल्याची किंमत कळली तशी ती सगळ्यांना कळो. ज्याच्या त्याच्या मांडीला कुणाचा तरी भरवसा लाभो, आणि तुमच्याआमच्या झोपेत कुणी नगारा न वाजवो.